डाव्या हातचा मळ

मैदानाबाहेरच्या संघाच्या दुकानात, काचेमागे तीन मुंगसं ओळीने बसवली होती. लोकरीची, क्रोशाने विणलेली, वीतभर उंच. अंगात संघाचा हिरवा सदरा, सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत पांढरी उभी रेघ, आणि डोळ्यांत अस्सल खुनशीपणा. संघाची खूणच मुंगूस होती. डावरीने आधी मुंगसं ओळखली आणि मग त्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या. ‘हाताने घडवलेलं. घडवणारी’ असं छापलेलं, आणि पुढे तिच्या धाकट्या जावेचं नाव, आडनावासकट. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी तिला डाव्या हाताने सुरी धरताना पाहिलं आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं. दिराने ते उचललं, नवऱ्याने चालवलं, पुढे जाऊ आली तिने त्यावर हसून घेतलं. सासूबाई गेल्या, पण नाव मागे ठेवून गेल्या. चारचौघांत डावा हात काढायचा नाही, हे ती तेव्हाच शिकली. सहीसुद्धा उजव्या हाताने करायची, आणि ती सही पाहून कारकुनाला वाटायचं बाई नुकतीच अक्षरं शिकली. फक्त मागच्या खोलीत, दार लोटून, ती क्रोशाची सुई डाव्या हातात घ्यायची. तिथे कोणाची छाती नव्हती तिला हसायची.

अख्खा हिवाळा त्या तीन मुंगसांत गेला होता. एका नाकाडासाठीच तिने अकरा वेळा उसवलं होतं. पहिल्यांदा ते उंदराचं झालं, मग डुकराचं. या हंगामात दुकानाला हाताने केलेल्या वस्तू हव्या होत्या; पसंत पडेल ती वस्तू हंगामभर विकायची आणि करणारीचा फोटो भिंतीवर लावायचा, असं ठरलं होतं. नवरा मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायचा, दुकानातली सगळी त्याच्या ओळखीची. “मी नेऊन देतो,” म्हणाला आणि कपाटातून मुंगसं घेऊन गेला. त्याला तीन आठवडे झाले. रोज विचारलं की एकच उत्तर, “अजून काही कळवलं नाही.” आज सामना होता, दुकान उघडं असणार, म्हणून ती स्वतःच आली होती.

ती आत गेली. गल्ल्यामागे दुकानाचा व्यवस्थापक, आणि त्याच्यासमोर केस नीट करत उभी असलेली धाकटी. खेळाडूंच्या जुन्या सदऱ्यांच्या पिशव्या शिवायची धाकटी, आणि शिवायची झकास; आजही तिच्या चार पिशव्या गल्ल्यावर मांडलेल्या होत्या. मशीनवर तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. स्वतःचं एवढं असताना दुसऱ्याच्या ताटात हात घालायची काय गरज होती, हे देवच जाणे. एक पोरगेलासा फोटोवाला कॅमेरा पुसत होता.

“फोटो कोणाचा काढताय?” डावरीने विचारलं.

धाकटीचा चेहरा क्षणभर पडला. मग तिने तो उचलून पुन्हा जागेवर बसवला. “अय्या, जाऊबाई! तुम्ही कशा इकडे?”

“ही मुंगसं माझी आहेत,” डावरी व्यवस्थापकाला म्हणाली. “या चिठ्ठ्या खोट्या आहेत.”

व्यवस्थापक बिचारा दोघींकडे आळीपाळीने बघू लागला. दुकानात सामन्याला आलेली आठ-दहा माणसं होती, त्यांनी टोप्या बघणं सोडून दिलं. फुकटचा सामना कोणाला नको असतो?

“मनावर घेऊ नका,” धाकटी त्याला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आमच्या थोरल्या जाऊबाई. थोडं मन थाऱ्यावर नसतं त्यांचं हल्ली. अहो, मुंगूस विणायचं म्हणजे काय मोठं? माझ्या डाव्या हातचा मळ आहे तो!”

डावरी हसली. लग्नानंतर चारचौघांसमोर ती इतकं मोकळं कधी हसली नव्हती.

“बरोबर बोललीस,” ती म्हणाली. “डाव्या हातचंच काम आहे ते. आता विणून दाखव. डाव्या हाताने.”

“म्हणजे?”

डावरीने काचेमागचं एक मुंगूस उचलून व्यवस्थापकासमोर ठेवलं. “ही पांढरी रेघ बघा. सरळ आहे?”

“थोडी कललीय,” तो म्हणाला. “डावीकडे. मला वाटलं, चूक आहे.”

“चूक नाही. गोल गोल विणत गेलं की टाका थोडा सरकतो. उजव्या हाताने विणणारीची रेघ उजवीकडे कलते, डाव्या हाताने विणणारीची डावीकडे. उरलेली दोन बघा. तिन्हींची डावीकडेच आहे.” आपल्या पिशवीतून तिने क्रोशाची सुई आणि हिरव्या लोकरीचा गुंडा काढला आणि धाकटीपुढे धरला. “घे. दहा टाके घाल. जास्त नको.”

धाकटीने सुई घेतली. डाव्या हातात धरली, मग नकळत उजव्यात घेतली, मग सगळे बघताहेत हे लक्षात येऊन परत डाव्यात. लोकर बोटाला गुंडाळली ती सुटेना. गुंडा घरंगळत एका म्हाताऱ्याच्या बुटापाशी गेला आणि कोणीतरी खुसकन हसलं. डावरीने सुई तिच्या हातातून काढून घेतली आणि सगळ्यांदेखत डाव्या हातात धरली. साखळी, साखळी, खांब, खांब. टाके एकसारखे पडत होते.

एवढ्यात गलका ऐकून फाटकावरून तिचा नवरा आला. गळ्यात तिनेच विणलेला हिरवा-पांढरा मफलर, ज्याच्याशिवाय संघ हरतो अशी त्याची पक्की समजूत.

“काय तमाशा लावलाय?” तो दबक्या आवाजात तिच्यावर खेकसला.

“मुंगसं हिला कोणी दिली?”

“मी दिली. मग? तिला चार माणसांत बोलता येतं. तू इथे येऊन त्या वेड्यावाकड्या अक्षरात फॉर्म भरत बसली असतीस, लोक मलाच हसले असते. आणि एवढं आकांडतांडव कशाला? आडनाव एकच आहे ना? नाव घरातच राहिलं!”

“मीही तेच म्हणतो,” व्यवस्थापकाला एकदम धीर आला. “चिठ्ठ्या छापून झाल्यात. घरातल्या घरात मिटवून टाका ना.”

तिला नवऱ्याचाच जास्त राग आला. धाकटी परकी, आज ना उद्या ओरबाडणारच. पण याने कपाट उघडून दिलं होतं. रोज रात्री शेजारी बसून, “अजून काही कळवलं नाही,” म्हणाला होता.

“आडनावाने एकही टाका घातलेला नाही,” ती व्यवस्थापकाला म्हणाली. “नाव बदलणार नसाल तर तिन्ही मुंगसं आत्ता घेऊन जाते. मग हंगामभर पिशव्या विका.”

व्यवस्थापकाने मुंगसांकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने चिठ्ठ्यांच्या दोऱ्या कापल्या. कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन टेकवून म्हणाला, “नाव सांगा.”

“डावरी. एवढंच लिहा.”

धाकटी पिशव्या तशाच टाकून बाहेर पडली. फोटोवाल्याने कोणाचा फोटो काढायचा म्हणून व्यवस्थापकाकडे पाहिलं. डावरीने गल्ल्यावरची कात्री उचलली आणि नवऱ्याच्या छातीवर लोंबणारं मफलरचं टोक हातात घेतलं. शेवटची गाठ कुठे दडवलीय हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं. तिने ती कापली आणि धागा ओढला. एक ओळ गेली, दुसरी गेली. तो “अगं, अगं” करत मफलर धरून ठेवू लागला, तर ओळी आणखी भरभर सुटायला लागल्या. मैदानात माणसं ओरडत होती, सामना सुरू व्हायला आला होता.

“आता मी काय घालू?” तो म्हणाला.

“धाकटीला सांगा,” धागा गुंडाळत डावरी म्हणाली. “तिच्या डाव्या हातचा मळ आहे.”