वहिनीचा विषाणू

वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावरची नऊ माणसं एका पंधरवड्यात गेली, आणि ती कुणामुळे गेली हे गावाने शेवटच्याला नेण्याआधीच ठरवून टाकलं. नर्समुळे. ती नर्स म्हणजे धाकटीची वहिनी.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. वय पंचेचाळीस, कानशिलावरचे केस पांढरे, विषाणूंच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ शास्त्रज्ञ. पण दादा आणि वहिनीच्या तोंडी अजून धाकटीच. नणंद-भावजयीचं नातं विळ्या-भोपळ्याचं असतं म्हणतात. या दोघी भांडायच्या त्या फक्त गॅसवरचं दूध कुणी उतू घालवलं यावरून. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. वहिनी रात्रपाळी करून यायची, हिला अभ्यासाला उठवायची आणि मगच स्वतः आडवी व्हायची. हिच्या शिक्षणात वहिनीच्या झोपेचा वाटा फार मोठा होता.

वृद्धाश्रमाच्या अध्यक्षांनी वर्तमानपत्राला सांगितलं होतं की, आमच्या एका कर्मचाऱ्याने सुट्टीत बाहेरगावी जाऊन संसर्ग आणला. नाव छापलं नव्हतं, पण त्या मजल्यावर नर्स एकच होती आणि ती सुट्टीच्या दिवशी शेजारच्या गावी बहिणीकडे जाऊन आली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मग काय, खापर फोडायला आयतं डोकं मिळालं. दुकानदार दादाला सामान पायरीवर ठेवून द्यायला लागला. इमारतीच्या सेक्रेटरीने लिफ्ट वापरू नका असं कळवलं, तेही स्वतः न येता, वॉचमनकरवी. समोरच्या घरातली बाई एका सकाळी जिन्यात उभी राहून वहिनीच्या दारावर थुंकली. वहिनी तेव्हा आत तापाने फणफणली होती. तिलाही लागण झालीच होती. शुद्धीवर आली की ती एवढंच विचारायची, आज कोण गेलं.

वृद्धाश्रमातले सगळे नमुने धाकटीच्याच प्रयोगशाळेत आले. विषाणू कसा, कुठून, कुठे पसरतो हे शोधणं हेच तिथलं काम. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जातो तेव्हा स्वतःची नक्कल करतो, आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून कधीमधी एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. चुका वाचत गेलं की कुठली नक्कल कशावरून झाली ते कळतं, आणि मग त्याची वंशावळ काढता येते. एका लग्नघरातून निघालेला विषाणू तीन जिल्ह्यांपलीकडच्या कारखान्यात कसा पोचला, हे धाकटीच्या लोकांनी असंच शोधून काढलं होतं.

या खेपेला मात्र तिने पहिल्याच दिवशी संचालकांना सांगितलं की, यातला एक नमुना माझ्या घरातला आहे, मी हात लावणार नाही. काम झाडवाल्याकडे गेलं. वंशावळी काढून देणारा म्हणून सगळे त्याला झाडवाला म्हणायचे. स्वतः काटकुळा, टेबलावर एक कुंडीसुद्धा नाही. त्याला नमुन्यांवर फक्त क्रमांक दिसत होते. कुठला कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

काम संपल्यावर त्याने तिला हाक मारली. पडद्यावर बारीक फांद्यांचं जाळं होतं.

"आपल्या गावात तेव्हा जे फिरत होतं, ते हे नाहीच," तो म्हणाला. "शेजारच्या गावातही नाही. याची मूळ फांदी बंदराच्या शहरातली आहे. सरळ तिथून उचलून या मजल्यावर आणून ठेवल्यासारखं."

धाकटीने क्रमांक सतराचं, म्हणजे वहिनीच्या नमुन्याचं, विचारलं.

"तो शेंडा आहे. बाकीच्यांच्या सगळ्या चुका त्याच्यात आहेत, वर स्वतःची एक जास्त. त्याने यांच्याकडून घेतलाय, यांना दिलेला नाही." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरातला तोच का?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि बाहेर व्हरांड्यात गेली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज बोलून जातो. इथे संन्याशाला ताप होता आणि त्याच्या दारावर थुंकी वाळत होती.

बंदराच्या शहरातून कोण आलं होतं, हे तिने घरी येऊन वहिनीला विचारलं. ती उशीला टेकून बसली होती, आवाज अजून बसलेला. तिने सांगितलं की नव्या सभागृहाच्या उद्‌घाटनाला अध्यक्षांचे पाहुणे आले होते. तेव्हा नातेवाइकांना भेटबंदी होती. मुली फाटकाबाहेर उभ्या राहून आईला हात करायच्या. पाहुण्यांना मात्र दुसऱ्या मजल्यावर नेलं, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले, फोटोसाठी मास्क उतरवायला लावले. वहिनीने हरकत घेतली. दोन मिनिटांचा प्रश्न आहे, असं तिला सांगण्यात आलं. पुढच्या आठवड्यात त्या मजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमास्तर खोकायला लागले. वहिनीने तपासण्या मागितल्या. नाही मिळाल्या. पुन्हा मागितल्या. उगाच बोभाटा नको, म्हाताऱ्यांना खोकला असतोच, असं उत्तर आलं.

धाकटी दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत गेली. आरोग्य खात्याला जाणारा अहवाल त्यांच्यासमोर होता. त्यांनी निष्कर्षाच्या जागी एकच ओळ ठेवली होती: संसर्गाचा उगम निश्चित करता येत नाही.

"ही ओळ खोटी नाही," ते म्हणाले. "कुणी कुणाला दिला हे अक्षरं वाचून शपथेवर सांगता येत नाही. तुम्हीच विद्यार्थ्यांना शिकवता."

"कुणी दिला ते सांगता येत नाही. नर्सने बाहेरून आणला नाही, हे सांगता येतं. ते का गाळलंत?"

ते चष्मा पुसत बसले. मग शांतपणे म्हणाले की, वृद्धाश्रमाचे अध्यक्ष आपल्या नियामक मंडळावर आहेत, हे तुम्ही विसरताय. आणि तुमचं नातं पाहता तुम्ही यात न पडलेलं बरं.

"मी हात लावला नाही तो त्याचसाठी. पण तुमचं नातं पाहता तुम्हीही पडायला नको होतं."

एवढं बोलून ती बाहेर पडली. जन्मात वरिष्ठाला असं उत्तर तिने दिलं नव्हतं. तरी राग तसूभरही कमी झाला नव्हता.

घरी दादा तिच्याहून पेटलेला होता. पाहुण्यांपैकी एकजण परत गेल्यावर आजारी पडला होता, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. त्याचं म्हणणं, तुझ्या यंत्रात त्याचाही नमुना सापडेल. नाव काढ आणि पेपरात दे, कळू दे लोकांना. खरं तर धाकटीच्या मनात हेच आलं होतं. शोधायला अर्धा दिवसही लागला नसता.

वहिनी आतून भिंतीला धरत बाहेर आली.

"म्हणजे उद्या त्याच्या बायकोच्या दारावर कोण थुंकणार, तेही ठरवून टाका," ती म्हणाली. "त्याला काय माहीत होतं, त्याच्या घशात काय आहे ते? आजार कुणालाही होतो. भेटबंदी असताना त्याला वर नेलं कुणी? तपासण्या अडवल्या कुणी? मला माझ्या जागी दुसरं माणूस बसवायचं नाही. मला ते विचारायचंय."

आपण शास्त्रज्ञ असून तेच करायला निघालो होतो जे गावाने केलं, याचं धाकटीला वाईट वाटलं आणि अध्यक्षांचा राग दुप्पट झाला.

आरोग्य अधिकारी बाईंनी नगरपालिकेच्या सभागृहात चौकशी ठेवली. धाकटीने संचालकांची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तरी ती निघाली, तर फाटकापाशी झाडवाला संगणकाची पिशवी खांद्याला लावून उभा. त्याची नोकरी कंत्राटी होती. तिने त्याला परत जायला सांगितलं.

"तुम्ही बोललात तर लोक म्हणतील, नणंदेने वकिली केली," तो म्हणाला. "झाड मी काढलंय. मलाच बोलू द्या."

आणि तो बोलला. अडखळत, पण एक शब्द वाकडा न करता. काय सांगता येतं आणि काय येत नाही, दोन्ही सांगितलं. पाहुण्याचं नाव कुणीतरी विचारलं, तेव्हा ते आमच्याकडे नाही आणि शोधणारही नाही, असं म्हणाला. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले की, नर्सवर आरोप आम्ही कधी केलाच नव्हता, लोकांनी गैरसमज करून घेतला.

तेव्हा वहिनी उठली. अंगात अजून त्राण नव्हतं, पण आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"पोस्टमास्तर खोकत होते तेव्हा मी तपासणी मागितली. तुम्ही नाही म्हणालात. का?"

सभागृहात मेलेल्यांची मुलं होती. ती सगळी अध्यक्षांकडे वळून पाहायला लागली. अध्यक्ष म्हणाले, तो व्यवस्थापनाचा निर्णय होता. वहिनीने विचारलं, व्यवस्थापन म्हणजे कोण. त्यांनी पाणी मागितलं. अधिकारी बाईंनी पाणी दिलं, आणि ते पिऊन झाल्यावर तोच प्रश्न स्वतः विचारला. त्यांना उत्तर द्यावंच लागलं: मी.

त्यानंतर फार काही घडलं असं नाही. वृद्धाश्रमावर प्रशासक आला, पहिल्या लक्षणाला तपासणी सक्तीची झाली. अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणावरून तिथलं पद सोडलं, प्रयोगशाळेच्या मंडळावर मात्र राहिले. झाडवाल्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. धाकटीने त्यावर लेखी निषेध केला, वरपर्यंत गेली, आणि शेवटी अधिकारी बाईंनी त्याला आपल्या खात्यात घेतलं. संचालक तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागले. वर्तमानपत्राने दोन ओळींचा खुलासा छापला, आतल्या पानावर, पाणीपुरवठा बंद राहणार असल्याच्या बातमीखाली. पहिल्या पानावर बदनामी आणि आतल्या पानावर माफी. दादाने तो कागद चुरगाळून फेकून दिला.

वहिनी वृद्धाश्रमात परत गेली नाही. सरकारी रुग्णालयात रुजू झाली.

एका रविवारी समोरची बाई सासूला हाताला धरून आली. सासूला चक्कर येत होती, रविवारी डॉक्टर मिळेना. जिन्यातल्या त्या सकाळचा तिने विषय काढला नाही. धाकटी तिथेच होती. ती दार लावून घेणार होती, पण वहिनीने म्हातारीला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, रक्तदाब पाहिला, गोळी कधी चुकली ते विचारलं, आणि उद्या रुग्णालयात कुणाला भेटायचं ते समजावून सांगितलं. सून तोवर उंबऱ्याबाहेर उभी होती.

"मी आत येऊ का?" तिने विचारलं.

"नको," वहिनी म्हणाली, आणि म्हातारीच्या दंडावरचा पट्टा सोडवायला लागली.