एका माणसाचा साकव

बत्तीस वर्षं मी पोरांना शुद्ध बोलायला शिकवलं, म्हणून हे सांगताना शुद्धच सांगते. भांडताना मात्र तोंडात मालवणीच येतं, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या वाडीच्या मधून व्हाळ जातो. उन्हाळ्यात त्यात पाऊल भिजेल एवढंही पाणी नसतं, पावसात मात्र माणूस ओढून नेईल. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी वाडीतले पुरुष पोफळीचे दोन ओंडके आडवे टाकून साकव घालतात आणि बाजूला धरायला बांबूचा कठडा बांधतात. घरटी एक माणूस यायचं, अशी रीत. पलीकडे पंधरा घरं. माझ्या बाजूला पूर्वी पाच होती. कोण मुंबईला गेले, कोण गोव्याला. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी चौथ्या घराला कुलूप लागलं आणि या बाजूला मी एकटी उरले. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

यंदा महादूच्या खळ्यात सगळे जमले. महादू माझाच विद्यार्थी. सातचा पाढा त्याला कधी आला नाही, पण वाडीचा कारभार तोच बघतो.

"बाईनू," तो म्हणाला, "एका माणसासाठी साकव कित्याक घालूचो? चार म्हयने ह्या बाजूक येवन ऱ्हवा. माझी पडवी रिकामी आसा."

माझं डोकंच फिरलं. स्वतःचं घर सोडून मी याच्या पडवीत वळकटी टाकू?

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" मी म्हणाले. "साकवाक दोन टोका असतत, मेल्या! माझ्या बाजून मी एकटी, पण तुझ्या बाजून चाळीस माणसा आसत. तेंका माझ्याकडे येवक नको साकव?"

 खरं तर गेल्या दोन पावसाळ्यांत माझ्याकडे कुणीही आलं नव्हतं. भांडायच्या नादात मनातलं बाहेर पडलं.

महादूने मान खाजवली. "बरा, घालूया. पण यंदा हात थोडे आसत. कठडो लागात तुमका?"

"माका कित्याक? माझे पाय अजून घट्ट आसत!"

सगळे हसले. वृंदावनाच्या कडेला कावेरी बसली होती, ती हसली नाही. कावेरी आणि मी एकाच वर्षी या वाडीत लग्न होऊन आलो, दोघींचीही आता सत्तरी जवळ आली. तिचे गुडघे गेलेत. तेव्हा माझ्या हे ध्यानातसुद्धा आलं नाही.

साकव झाला. रोज सकाळी मी दुधाला पलीकडे जायची, येताना कावेरीच्या पडवीत टेकायची.

"तू कधी येतलंस?" मी विचारायची.

"येतंय गो, पाऊस जरा कमी होवंदे."

आषाढ गेला. तिच्यासाठी आणलेली कुळथाची पिठी मी एकटीनेच संपवली. श्रावण लागला तेव्हा माझा राग नाकावर येऊन बसला. म्हटलं, काय मोठी लागून गेली आहे! येणं-जाणं एकाच बाजूने करायचा मी मक्ता घेतलाय? मी तिच्या पडवीकडे बघणंही सोडलं. दूध घ्यायचं, छत्री उघडायची आणि सरळ घरी. घरी येऊन बोलायचं कुणाशी, तर चुलीशी.

मग ताप आला. नऊ दिवस उठवेना. एकदा पेज करायची आणि तीच दोन दिवस प्यायची. दाराला कडी घातली नव्हती, कुणी आलंच तर उठायला नको म्हणून. पाऊस पडत होता, कौलांवरून पाणी गळत होतं, आणि मी कानात प्राण आणून पावलं ऐकत होते. आलं कुणी? कुत्रंसुद्धा नाही. पडल्या पडल्या मी एकेकाला शिव्या दिल्या. सगळ्यांत जास्त कावेरीला.

दहाव्या दिवशी काठी घेऊन साकवापर्यंत गेले. एरवी माझ्या रोजच्या पावलांनी ओंडक्यांवर एक स्वच्छ पट्टा असायचा. आता दोन्ही ओंडके नजर पोचेल तिथवर हिरवे, बुळबुळीत. नऊ दिवसांत कुणीही ओलांडलं नव्हतं. मी खाली बसले आणि सरकत सरकत पलीकडे गेले.

शेवटच्या हातभर जागेवर शेवाळ खरवडलेलं होतं. एकाच पावलाची खूण, टाच घसरत गेलेली. खाली चिखलात पाच बोटं रुतलेली. आणि कडेच्या दगडावर केळीच्या पानाने झाकलेलं एक जर्मनचं भांडं. त्यात पेज होती, आंबून गेलेली, मुंग्या लागलेली. भांड्याच्या काठाला पोचा होता. तो पोचा मी ओळखते. भांडं कावेरीचं.

मी तिथेच चिखलात बसून रडले. लाज नाही वाटली, बघायला होतं कोण?

भांडं घासून तिच्या पायरीवर नेऊन ठेवलं. कावेरी पडवीत पाय पसरून बसली होती, घोट्याला हळद-चुना लावलेला.

"काय गो झाला?"

"परसात घसारलंय," ती म्हणाली. भांड्याकडे तिने पाहिलं आणि लुगडं घोट्यावर ओढलं. 

तिथून तडक महादूकडे गेले. आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलेलं नाही.

"महादू, कठडो व्हयो."

"कोणाक?"

"माका. पाय थरथरतत माझे."

 तो कोयता घेऊन निघाला. त्याने ओंडकेही खरवडले आणि संध्याकाळच्या आत बांबू बांधला.

घोटा बरा झाल्यावर, भाद्रपदात, कावेरी आली. एवढासा साकव, पण ओलांडायला तिला पाव तास लागला. मी दारातून बघत होते, हाक मारली नाही, दचकेल म्हणून. माझ्या पडवीत टेकून ती धापा टाकत म्हणाली, "तुझा घर किती लांब झाला गो!"

आम्ही पिठी-भात जेवलो.  उन्हं कलायच्या आत ती निघाली. दोन्ही हातांनी बांबू धरून, एकेक पाऊल टाकत पलीकडे पोचली आणि माडांच्या आड दिसेनाशी झाली. तिच्या हाताने हललेला तो बांबू थांबेपर्यंत मी दारात उभी होते.