वीस पावलं अलीकडे

आरशात ज्योत होती – हरभऱ्याएवढी, पिवळी, गाडीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर काचेच्या आत वाकणारी आणि पुन्हा सरळ होणारी – आणि नजर खाली केली की पेट्रोलचा काटा. मरुदानल्लूरहून निघाल्यापासून सुंदररावाने रस्त्यापेक्षा या दोहोंकडेच जास्त पाहिले होते.

सकाळीच टाकी भरायची होती, पण पंपावरचा साठा संपलेला, लॉरी दहानंतर यायची होती. वाटेत कुंभकोणमात भरू, असे म्हणून तो टॅक्सी घेऊन गंगाबाईंच्या दाराशी गेला. ट्रंक आली, वळकटी आली, आणि शेवटी गंगाबाई आल्या – भर उन्हात, दोन्ही हातांत पेटता कंदील धरून. त्यांच्या यजमानांनी घरी भजन सुरू केले त्या दिवशी देवापुढे लावलेला दिवा एकतीस वर्षे विझला नव्हता. यजमान गेले, आता घरही सुटत होते. पापनाशमला मुलीकडे कायमच्या राहायला जाताना ती ज्योत तेवढी त्यांनी कंदिलात घेतली होती. हे आधी कुणी सांगितले असते तर... तर काय, मी आलो नसतो? लहानपणापासून ज्या घरी भजनाला बसलो त्या घरच्या अक्कांना मी नाही म्हटले असते?

कुंभकोणम मागे पडू लागले. काटा तळाला टेकला होता आणि पापनाशम अजून आठ-नऊ मैल. तंजावर रस्त्यावरचा पंप दिसताच सुंदररावाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि गाडी पंपाच्या वीस पावलं अलीकडे, चिंचेखाली थांबली. त्याने इंजिन बंद केले. आषाढातला वारा रस्त्यावरची धूळ उचलून पंपाकडे नेत होता – म्हणजे पंपाचा वास इकडे येणार नाही... पण टाकीचे झाकण उघडले की गाडी कुठे आणि वारा कुठे, कोण सांगणार. पेट्रोलची वाफ दिसत नाही. ती जमिनीलगत सरपटते, दार शोधते, फट शोधते. हे त्याला पुस्तकातून कळले नव्हते.

पंपावरचा गोपालकृष्ण हात हलवून बोलावू लागला. त्याने तिथूनच तमिळमध्ये विचारले की काय अडले आहे, आणि कंदील दिसल्यावर हसून म्हणाला की काच बंद आहे, देवाचा दिवा आहे, आणा गाडी. सुंदरराव हे त्याच्यासाठी जुनेच प्रकरण होते: भरताना सगळ्यांना खाली उतरवणारा, सांडलेला थेंब फडक्याने पुसून वास जाईपर्यंत गाडी सुरू न करणारा, दुसऱ्याच्या तोंडातली विडी दिसली की रांग सोडून जाणारा ड्रायव्हर.

"अक्का, उतरावं लागेल," सुंदरराव म्हणाला. "दिवा घेऊन. समोरच्या भांड्यांच्या दुकानात बसा, मी भरून येतो."

गंगाबाईंनी पदर कंदिलाभोवती ओढला. त्यांचे गुडघे धरलेले होते हे त्याला ठाऊक होते, आणि कंदिलाची काच वरच्या कडेला उडालेली आहे हे त्याला आता दिसले. त्या म्हणाल्या की रस्ता ओलांडेपर्यंत या वाऱ्यात ज्योत राहणार नाही, एकतीस वर्षं माझ्या हातून गेली नाही ती आज तुझ्यामुळं जाईल. मग हळूच, समजूत घालावी तसे म्हणाल्या, "तुझ्या मनातलं भय मज ठाऊक आहे रे. पण मी काय रघुनाथासारखी बेसावध आहे?"

रघुनाथासारखी.

अकरा वर्षे हे वाक्य तो ऐकत आला होता – भजनात, लग्नांत, खुद्द आईच्या तोंडून – आणि दर वेळी मान खाली घालत आला होता, लोकांना वाटे भावाच्या दुःखाने. तिरुप्पनंदाळच्या रस्त्यावरची ती संध्याकाळ... गाडी बंद पडलेली, इंजिन तापलेले, हातात डबा, नरसाळे, आणि टाकीचे तोंड अंधारात सापडत नव्हते... धाकटा भाऊ रघू कंदील घेऊन दहा हात लांब उभा होता, शहाण्यासारखा लांब... मग भक्‌ असा एवढासाच आवाज, आणि जळता डबा माझ्या हातातून हिसकावून शेतात फेकणारे त्याचे दोन हात. मृदंगावर बसले की गंगाबाईंचे यजमान गाता गाता ज्यांच्याकडे पाहून हसत, ते हात. उजव्याची बोटे नंतर सुटी झालीच नाहीत. इस्पितळात लोकांनी विचारले तेव्हा रघूच म्हणाला, मी कंदील फार जवळ नेला. आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

"अक्का," सुंदरराव म्हणाला. आवाज त्याला परका वाटला. "रघू बेसावध नव्हता. तो लांबच उभा होता. मीच म्हटलं, जवळ आण, दिसत नाही."

गोपालकृष्ण पुन्हा हाक मारत होता. मग गंगाबाईंनी एक पाय बाहेर टाकला, त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि दोघे रस्ता ओलांडू लागले – तो वाऱ्याच्या बाजूने, धोतराचा सोगा आडवा धरून, त्या कंदिलावर वाकलेल्या, एकेक पाऊल मोजून टाकत. दुकानात पितळेचा मोठा हंडा आडवा पडला होता. दुकानदाराला विचारून सुंदररावाने त्याच्या पोटात कंदील ठेवला. ज्योत निळी होऊन वातीला चिकटली, नाहीशी झाल्यासारखी वाटली, मग वर आली.

तो परत गेला, गाडी पंपाशी आणली, इंजिन बंद केले. गोपालकृष्णाने दांडा मागेपुढे केला, पेट्रोल काचेच्या नळकांड्यात चढले आणि टाकीत उतरले. झाकण लावले. थेंब पुसला. वास जाईपर्यंत तो उभा राहिला, आणि गोपालकृष्ण आज हसला नाही, कदाचित सुंदररावाच्या चेहऱ्यामुळे.

गाडी पापनाशमच्या वाटेला लागली तेव्हा मागे कंदील जळत होता. मैलभर गेल्यावर गंगाबाईंनी विचारले, "रघुनाथापाशी कधी बोललास हे?"

"नाही."

"त्याला आठवतं?"

रघू पापनाशमलाच राहतो, स्टेशनाजवळ. आता तिथे जायचे की नाही हे त्याने ठरवले नव्हते. पण प्रश्न आत जाऊन बसला. अकरा वर्षे तो एवढेच मागत आला होता की रघूला ती हाक आठवत नसावी – धुरात, वेदनेत, पुसली गेली असावी. आठवत असेल, तर त्याने मला झाकले, सोसले, दर दिवाळीला हसून जेवायला वाढले. ते भय ओळखीचे होते, त्याच्याबरोबर राहता येत होते. पण खरेच आठवत नसेल तर? मग तो अकरा वर्षे रोज सकाळी त्या बोटांकडे बघून काय म्हणत असेल... मीच. माझीच चूक. मी जवळ नेला.

टाकी भरलेली होती, वारा मागून होता, भिण्यासारखे आता काहीच उरले नव्हते. आणि विसरला असू दे, ही अकरा वर्षांची प्रार्थना सुंदररावाच्याने पुन्हा म्हणवेना.