श्रीशैलच्या कोडातली चूक

चूक सापडली तेव्हा खरं तर इंद्रायणीला बरं वाटायला हवं होतं. तपासणाऱ्याला चूक हाती लागली की कसं गार वाटतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्या दुपारी जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये ती स्क्रीनकडे बघून ओरडली, "अरे गाढवा, हे काय करून ठेवलंस!" आणि लगेच तिला रडू फुटलं. ज्याला ती गाढव म्हणाली, तो श्रीशैल गेल्या महिन्यात अक्कलकोट रस्त्यावर ट्रकखाली सापडून गेला होता.

आता ही दोघं करायची काय, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आणखी कितीतरी खोटे कॉम्प्युटर चालवता येतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपणच खरे. खऱ्या कॉम्प्युटरमध्ये एक चिप असते. नेटवर्कनं, डिस्कनं, कुणीही हाक मारली की ती प्रोसेसरपर्यंत पोचवायची, एवढंच तिचं काम. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. खोट्या कॉम्प्युटरला खरी चिप कुठली आणायची? म्हणून प्रोग्रॅम लिहून तिचं सोंग वठवायचं. हा प्रोग्रॅम देशोदेशीची माणसं उघड्यावर लिहितात आणि एकमेकांचं लिहिलेलं तपासतात. सोलापुरात बसून हा उद्योग करणारी ही दोनच डोकी होती. आता एकच उरलं.

चिपमध्ये रजिस्टर असतं, म्हणजे पाटीच समजा ना. हाक आली की पाटीवर खूण पडते, हाकेला ओ दिली की ती पुसली जाते. श्रीशैलचा कोड पाटीची नक्कल करून घ्यायचा, नकलेतली एक खूण पुसायचा आणि ती नक्कल परत पाटीवर उतरवायचा. यंत्रात प्रोसेसर एकाहून जास्त असतात. तेवढ्यात दुसऱ्यानं पाटीवर नवी खूण केली असेल, तर ती गेलीच की! हाक मारणारा मारून मोकळा, ऐकणाऱ्याला पत्ता नाही, आणि अख्खं यंत्र वाट बघत ठप्प. म्हणून नक्कल करायच्या आधी पाटीला कुलूप घालायचं असतं. श्रीशैलनं कुलूप घातलं होतं, पण नक्कल झाल्यावर. एक ओळ इकडची तिकडे झाली होती, बस्स.

चाचण्यांत काही दिसत नव्हतं. ती गप्प बसली असती तर आज कुणाला कळलंही नसतं. आणि कोड परत पाठवावा, तर तो सुधारणारा कुठं होता? नवा कोड आत घेण्याची मुदत संपत आली होती. एका परदेशी कंपनीचा तसलाच कोड तयार होता. तो आत गेला की श्रीशैलचं नाव कायमचं बाहेर. राहता राहिला एक मार्ग, तिनंच दुरुस्त करायचं. पण रीत अशी की दुसऱ्याच्या कोडाला हात लावला, तर त्याच्या नावाखाली कंसात लिहायचं, कुणी काय दुरुस्त केलं ते. ते कधी पुसलं जात नाही. मेलेल्या पोराच्या पहिल्याच मोठ्या कामावर 'चूक' हा शब्द आपण लिहायचा? तिचा हात काही धजेना.

त्यात दारावरची बेल वाजली. दारात श्रीशैलचे वडील, चन्नवीर. वळसंगहून एसटीनं आलेले.

"रिकाम्या हातानं आलो, ताई. घरात अजून धड काही शिजत न्हाय."

"असू दे हो काका. बसा आधी."

पाणी प्यायले, आणि आडपडदा न ठेवता त्यांनी विचारलं, "त्याचं नाव लागलं का? म्हनायचा, आप्पा, आता माजं नाव जगात जानार. त्याची आई रोज इचारती."

हो म्हटलं असतं तर चहा पिऊन सुखानं गेले असते. पण इंद्रायणीच्या तोंडून निघून गेलं, "काका, त्यात एक चूक आहे. मीच काढली."

चन्नवीरांनी तांब्या खाली ठेवला. "गेलेल्या मानसाच्या चुका काडता व्हय तुमी? लई उपकार झाले." आणि ते उठलेच.

"बसा, काका!" ती एवढ्या जोरात म्हणाली की तिची तीच दचकली. "तुमचा लेक माझ्या चुका काढायचा, माहितीये? इतक्या, की मी फोन करून त्याला शिव्या दिल्यात. एकदाही त्यानं मला 'छान आहे' म्हणून सोडलं नाही. आमच्यात 'छान आहे' म्हणणारा म्हणजे न वाचलेला. तो माझी ओळ न् ओळ वाचायचा, काका. आणि आता त्याचं मी न वाचताच छान म्हणू?"

चन्नवीर उभेच होते. मग हळूच खुर्चीच्या कडेवर टेकले.

"म्हंजे चूक काडली, म्हंजे वाचलं."

"हो."

"समदं वाचलं?"

"सगळं. फिरून फिरून वाचलं."

"मग लिवा की, चूक हाय म्हनून. न वाचता कुटं पाठवू नगा त्याचं."

तिनं त्याच्या नावाखाली कंसात दुरुस्ती लिहिली. तपासणीचा मेल कोड लिहिणाऱ्यालाच जातो, बाकीच्यांना नुसती प्रत. श्रीशैलचा पत्ता सगळ्यात वर आपोआप आला होता. तो काढून टाकायचं तिच्या जिवावर आलं. तिनं तसाच पाठवून दिला.

चन्नवीरांच्या सदऱ्याच्या खिशात टिंग वाजलं.

त्यांनी फोन बाहेर काढला. कोपऱ्यात तडा गेलेला, श्रीशैलचा. "चार्ज करून ठिवतो," ते ओशाळून म्हणाले. "कुनाकुनाचा फोन येतो, त्यास्नी ठावं नसतं. सांगावं लागतं." मग फोन लांब धरून त्यांनी डोळे बारीक केले. "ह्ये त्याला आलंय?"

"हो."

"वाचा."

इंद्रायणीनं मराठीत करून वाचलं. "श्रीशैल, पाटी वाचायची ओळ कुलपाच्या आत हवी. ती ओळ मी कुलपाच्या आत घेते आहे. बाकी नीट आहे."

"बाकी नीट हाय," चन्नवीर म्हणाले. स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग विचारलं, "आता त्यो काय म्हनला असता?"

"कबूल थोडाच झाला असता! आधी भांडला असता."

"काय म्हनून?"

चन्नवीरांनी फोन टेबलावर, दोघांच्या मधोमध ठेवला.

"भांडा की ताई, त्यो भांडला असता तसं," ते म्हणाले. "मी ऐकतो."

आणि डोळे पुसत इंद्रायणी श्रीशैलच्या बाजूनं स्वतःशी भांडायला लागली.