सात तिकिटांचा पेन

श्रुतिकानं तो पेन विकायला बनवलाच नव्हता. तसं बालाघाटात तिच्या पेनांना गिऱ्हाईक कमी नव्हतं. सागाची दांडी खरादीवर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, गोल करायची, जुन्या पाकिटांवरची तिकिटं भिजवून अलगद सोडवायची, दांडीभोवती चिकटवायची आणि वरून व्हार्निशचे आठ हात द्यायचे. बोट फिरवलं तर तिकिटाची कड लागता कामा नये! तिकिटांचं वेड बापाचं. भैयालाल पोस्टातून रिटायर झालेला माणूस. खराद मात्र ती स्वतःच्या हट्टानं शिकली.

पण हा पेन गजेंद्रसाठी होता. कटंगीचा गजेंद्र, शाळेत मास्तर. दिवाळीत तिला पाहून गेला, पसंत म्हणाला, आणि संक्रांतीपर्यंत त्यानं सात पत्रं धाडली. त्या सातही पत्रांची तिकिटं तिनं या पेनावर लावली, कटंगीचा काळा शिक्का दिसेल अशी. तिसऱ्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, ‘तुझी खराद आपल्या घरी परसात ठेवू. शेड मी बांधून देईन.’ लग्नाला ती हो म्हणाली ती या वाक्यावर. गजेंद्रच्या मिशीवर नव्हे, सांगून ठेवते!

शिवरात्रीनंतर लग्नाची यादी करायला कटंगीची माणसं आली. श्रुतिकानं पेन गजेंद्रला दिला, तो त्याच्या पुनाराममामानं लगेच हातात घेतला. “वा! याच्यानंच लिहू.” तिथी लिहिली, मांडव लिहिला, वऱ्हाडी किती, कपडे कोणाचे. भैयालाल प्रत्येक गोष्टीला हौ हौ करत होता.

“आता पाचवं,” मामा म्हणाला. “लगीन झाल्यावर पोरगी खराद चालवणार नाही. आमच्या घरची सून मशीनवर बसत नसते.”

चहाचा ट्रे हातात घेऊन श्रुतिका दारातच थांबली. तिनं गजेंद्रकडं पाहिलं. गजेंद्र सतरंजीकडं पाहत होता.

“तिसऱ्या पत्रात काय लिहिलं होतं तुम्ही?” तिनं विचारलं.

“मामा मोठे आहेत,” तो पुटपुटला. “काहून वाद वाढवायचा?”

मोठे आहेत म्हणे! अहो, पत्र लिहिताना मामा काय पाळण्यात होते?

श्रुतिकानं ट्रे खाली ठेवला, मामाच्या हातातून पेन काढून घेतला आणि टोपण लावलं. “हा पेन माह्याविरुद्ध नाही लिहिणार.”

“दुसरा द्या हो व्याही!” मामा कडाडला.

भैयालालच्या खिशात पेन होता. त्यानं खिशावर हात ठेवला. “हाही तिनंच बनवला आहे,” तो म्हणाला. बापाचा आवाज असा ताठ तिनं कधी ऐकला नव्हता. दुर्गाबाईनं, तिच्या आईनं, पंचांगात खोचलेला पेन काढून गुपचूप पदराखाली घेतला. त्या घरात श्रुतिकाच्या हाताचा नाही असा एक पेन सापडेल तर शपथ.

मग गजेंद्रनं आपल्या खिशातला बॉलपेन काढून मामाला दिला.

मामानं चार शब्द बोलावेत, त्याचं तिला काही नव्हतं. पण ज्यानं शेड बांधून देतो म्हटलं त्यानंच पेन पुरवावा? मामानं पाचवं कलम लिहून संपवलं. मग तिनं यादी उचलली, सात तिकिटांच्या पेनानं पाचही कलमांवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘मुलीला हे लग्न मंजूर नाही.’ पूर्ण नावानं सही ठोकली. कागदाची पत्रासारखी घडी घालून तो गजेंद्रच्या हातात दिला.

“घ्या. सातही पत्रांचं उत्तर. हातोहात देऊन राह्यली, तिकीट लागत नाही.”

मामा बराच वेळ तोंडाला येईल ते बोलला. पण कटंगीची बस यायला अजून दीड तास होता. तेवढा वेळ पाहुणे ओसरीत बसून राहिले, आणि आत खराद चालू होती.