साबणाचा वर्ग

ड्रॉईंग हॉलमधून अंगाच्या साबणाचा वास येतो, अशी लेखी तक्रार आजवर कुठल्या कॉलेजात झाली असेल असं वाटत नाही. या कॉलेजात झाली. ड्रॉईंग विभागाच्या प्रमुखांनी स्वतःच्या अक्षरात केली आणि खाली सही ठोकली. 'अभियांत्रिकीचा हॉल आहे की न्हाणीघर, याचा खुलासा व्हावा.'

या प्रमुखांना सगळं कॉलेज 'रिपीट सर' म्हणायचं. पाठीमागे, अर्थातच. मुलानं चार तास बोर्डावर वाकून शीट काढायची, मान आखडून घ्यायची आणि सरांपुढं न्यायची. सर चष्मा कपाळावर चढवून तीन सेकंद बघायचे आणि लाल पेन्सिलीनं शीटवर आडवं लिहायचे, 'रिपीट'. एवढंच. कुठं चुकलं, का चुकलं, काही नाही. कुणी धीर करून विचारलंच तर ठरलेलं उत्तर मिळायचं, "ते तू शोध. मी शोधायला बसलो तर इंजिनियर तू होणार की मी?"

बावीस वर्षं हे चाललं होतं. दर वर्षी पहिल्या तासाला सर मागच्या वर्षीचा निकाल वाचून दाखवायचे. "साठ बसले, चौतीस उडाले." एखादा बाप मुलीला नोकरी लागल्याचं ज्या आवाजात सांगेल, त्या आवाजात! आणि मंडळी, आपणही कसे? आपणच म्हणायचो, "कडक आहेत हो सर. त्यांच्याकडं पास होणं म्हणजे खायचं काम नाही." नापास करणाऱ्याला मान द्यायची खोड आपलीच आहे.

तक्रारीच्या तीन महिने आधी विभागात एक नव्या बाई आल्या. बत्तीस वर्षांच्या असतील. आवाज बारीक, चपला झिजलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पहिल्याच महिन्यात प्राचार्यांकडं एक मागणी केली. ड्रॉईंगमध्ये दोनदा नापास झालेली अकरा मुलं होती. नियम असा, की तिसऱ्यांदा उडाला की कॉलेजातून नाव कमी. बाई म्हणाल्या, "दुपारी तीन ते पाच हॉल रिकामा असतो. तो मला या अकरा जणांसाठी द्या." प्राचार्यांनी परीक्षेपर्यंत दिला.

सरांना तेव्हा हसू आलं होतं. 'दमेल आणि बसेल गप्प,' असं त्यांनी धरलं होतं.

पण बाई दमल्या नाहीत, आणि तिथून सरांच्या पोटात दुखायला लागलं.

निमित्त झालं ते जिन्यात. त्या अकरांपैकी एक उंच मुलगी, जिला पोरं 'शिडी' म्हणायची. दोन वर्षं ती सरांच्या वर्गात शेवटच्या बोर्डाशी बसली, पण तिचा आवाज सरांनी कधी ऐकला नव्हता. तीच मुलगी हातात कापलेली साबणाची वडी घेऊन बाईंच्या मागं धावत होती. "बाई, थांबा ना! इथली कड समोरून दिसणार नाही, बरोबर? पण आहे ना ती! मग डॉटेड येणार ना?" आणि बाई जिन्यातच थांबून, वडी फिरवून बघत होत्या.

'ही बोलते?' सर जागच्या जागी उभे राहिले.

सरांना बघून शिडी भिंतीला चिकटली, वडी ओढणीआड लपवली आणि खाली बघत राहिली. पोरं आपल्याला बघून अशी भिंतीला चिकटतात, याला सर इतकी वर्षं आदर समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात आलं, की जिन्यात आपल्याला हाक मारून कुणी कधी थांबवलेलंच नाही. एकदाही नाही!

माणूस शहाणा असता तर तिथंच थांबून विचार केला असता. पण मत्सराला विचाराची घाई नसते, त्याला पुराव्याची घाई असते. सर पुरावे गोळा करायला लागले. साबणाच्या वासाची ती लेखी तक्रार प्राचार्यांकडं गेली ती याच दिवसांत. स्टाफरूममध्ये टोमणे सुरू झाले, "काय बाई, साबणाचा वर्ग सुटला का? टॉवेल तुम्ही देता की पोरं घरून आणतात?" बाई हसायच्या आणि कामाला लागायच्या. त्या हसण्यानं सरांचा आणखी तिळपापड व्हायचा. उलट बोलली असती तर बरं झालं असतं. पोरं बाईंसाठी स्टूल पुसून ठेवतात, हे दिसलं. बाईंना चहा नेऊन देतात, हेही दिसलं. तीनला हॉलवरून जाताना सरांची पावलं आपोआप मंदावायची, आतून हसण्याचा आवाज यायचा आणि हे आपल्यालाच हसतायत, असं त्यांना वाटायचं.

शेवटी एका सकाळी सरांनी हॉलचं कपाट उघडून बाईंच्या वर्गाच्या शीटचा गठ्ठा काढला. अकरा शीट. लाल पेन्सिलीला टोक केलं आणि बसले. आणि काय सांगू, या माणसानं त्या दिवशी एकेक चूक शोधली! जाड रेघ, तिरका बाण, एकावर एक चढलेली मापं, सगळ्याला गोल केला आणि शेजारी लिहिलं, काय चुकलं आणि का चुकलं. पोरांसाठी जे बावीस वर्षांत केलं नाही, ते द्वेषासाठी एका बैठकीत केलं. सगळ्यात मोठं घबाड तर पुढंच होतं. अकराच्या अकरा शीटमध्ये एकही डॉटेड रेघ नव्हती. वस्तूची जी कड समोरून लपलेली असते, ती तुटक रेघेनं दाखवायची असते. हे ड्रॉईंगमधलं अ-आ-इ. आणि अकरांपैकी एकालाही ते येत नव्हतं!

संध्याकाळी सर घरी गेले ते शीळ घालत. सरांची बायको सरकारी दवाखान्यात सिस्टर. पुरुषांचा मोठा वॉर्ड तिच्याकडं. ती नुकतीच ड्यूटीवरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती.

"अहो, आज स्वारी खुशीत?"

"उद्या साबणाचा वर्ग बंद. प्राचार्यांना हॉलवर बोलावलंय. अकराच्या अकरा शीट चुकीच्या निघाल्या. पोरांना लाडावून ठेवलंय त्या बाईनं."

"वर्ग बंद झाला तर त्या पोरांचं काय?"

"काय म्हणजे? उडतील. आमचा विषयच कडक आहे."

सिस्टरनं एक पाय पाण्याबाहेर काढला. "एक सांगा. माझ्या वॉर्डात साठ पेशंट आले आणि चौतीस दगावले, तर मी छाती काढून फिरू का? 'आमचा वॉर्ड फार कडक हो', असं सांगू?"

"हे बघ, दवाखाना वेगळा आणि कॉलेज वेगळं."

"कसं वेगळं? ताप किती ते सांगायचं नाही, गोळी कुठली ते सांगायचं नाही, नुसतं कपाळावर लिहायचं 'आजारी' आणि घरी पाठवायचं. असं केलं तर मला निलंबित करतील. तुम्हाला विभागप्रमुख केलं!"

"अगं, मुलांनी स्वतः शोधायला नको?"

"शोधायला पाहिजे. पण शोधताना बसायला जागा पाहिजे, विचारायला माणूस पाहिजे आणि चुकलं तर कुणी अंगावर येणार नाही, याची खात्री पाहिजे. पेशंट मला घाबरला की दुखतंय ते लपवतो. मग मी कुठलं औषध देऊ? आणि काय हो, ही अकरा पोरं त्या बाईकडं आभाळातून पडली का? आधी दोन वर्षं कुणाच्या वर्गात होती?"

सर उठले. "तुला ड्रॉईंगमधलं काही कळत नाही."

"नाही कळत. जळणं कळतं," सिस्टर म्हणाली. "घरात वास येतोय पंधरा दिवस. आणि तो साबणाचा नाही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता प्राचार्य हॉलमध्ये आले. मागून सर, काखेत गठ्ठा. अकरा पोरं ताडकन उभी राहिली. प्रत्येकाच्या बोर्डावर एकेक साबणाची वडी होती, कुणी पायरीसारखी कापलेली, कुणी मधे खाच पाडलेली, कुणी आरपार भोक पाडलेली. टेबलावर साबणाचा कीस पडला होता.

सरांनी शीट एकेक करून टेबलावर पसरल्या. "बघा, प्राचार्यसाहेब. एकातही डॉटेड रेघ नाही. दोन महिने हॉल अडवून ठेवलाय, वीज जळतेय, आणि शिकवलं काय? साबण कापायला!" मग ते पोरांकडं वळले. "बोला! लपलेली कड दाखवायची नाही, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बाईंनी मान खाली घातली. प्राचार्यांनी घसा साफ केला.

"बोला की! आता का दातखीळ बसली?"

शिडी उभी होतीच. तिनं वही उचलून छातीशी धरली. "सर, तुम्ही."

"काय?"

"तुम्हीच सांगितलं होतं, सर. 'आधी दिसतं ते काढा. लपलेल्या कडा शेवटी.' माझ्या वहीत लिहिलंय. पण शेवट कधी आलाच नाही. दर वेळी त्याच्या आधी तास संपायचा. मग आम्ही तेवढंच काढायचो. तुम्ही रिपीट लिहायचात. आम्ही परत तेवढंच काढायचो."

"दोन्ही वर्षं," मागून एकजण बोलला.

"आम्हाला वाटलं, रेघा जाड येतायत म्हणून रिपीट," आणखी एकजण.

सर हसायला गेले, पण ओठ हलले नाहीत. फळ्याकडं पाठ करून आपण उभे आहोत, घंटा होतेय, हातातला खडू खाली ठेवतोय आणि म्हणतोय 'उरलेलं घरी करा', हे त्यांना लख्ख दिसलं. एकदा नाही, बावीस वर्षांचं दिसलं. एका पोराची चूक असती तर पोराची म्हटली असती. अकरा डोकी वेगवेगळ्या घरांतून येऊन तंतोतंत एकच चूक कशी करतील? ती त्यांना कुणीतरी वाटलेली होती!

प्राचार्यांनी एक शीट उचलली. "सर, कोपऱ्यात तारीख आहे. ही तर बाईंच्या पहिल्या आठवड्यातली."

तारीख नाही म्हणून शेकडो शीट परत केलेल्या माणसानं तारीखच वाचली नव्हती.

"नव्या शीट कुठं आहेत?" प्राचार्यांनी विचारलं.

पोरांनी बोर्डावरची शीट पुढं केली. प्रत्येकावर तुटक रेघा होत्या, काही वाकड्या, काही लांब-आखूड, पण जिथं हव्यात तिथं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "फळ्यावर सांगून यांना दिसेना, म्हणून वडी कापायला लावली. हातात धरून फिरवली की मागची कड बोटाला लागते. मग विसरत नाहीत."

"तुम्हाला कळलं होतं, हे कुठून आलंय?" सरांनी विचारलं.

"हो, सर. पहिल्याच आठवड्यात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघितलं. "तुम्ही विचारू दिलं असतंत का?"

प्राचार्य म्हणाले, "विभाग तुमचा आहे, सर. तक्रार तुमची आहे. वर्ग बंद करायचा तर आत्ता सांगा, मी सही करतो."

अकरा जोड डोळे सरांवर लागले. 'हो' म्हणणं अजूनही सोपं होतं. वास होता, कीस होता, गोंगाट होता. सरांच्या आतला तो जळका माणूस अजून म्हणतच होता, की ही बाई तुझ्या डोक्यावर बसणार! सरांनी शिडीकडं बघितलं. ती भिंतीला चिकटली नव्हती. घाबरलेली होती, पण उभी होती, वही छातीशी धरून.

"तक्रार मागं घेतो," सर म्हणाले. "चूक पोरांची नाही. बाईंची तर नाहीच नाही. माझी आहे. वर्ग चालू राहू द्या, आणि... बाई, हरकत नसेल तर मला पण एक स्टूल द्या."

त्या दिवशी सर पहिल्यांदा बोर्डाच्या पलीकडं बसले. शिडीनं घाबरत तीच जुनी, लाल गोलांनी भरलेली शीट पुढं सरकवली. "सर, हे तुम्ही काल लिहिलंय ना, बाण तिरका का चुकीचा, ते मला कळलं. कुठं चुकलं ते पहिल्यांदाच कुणी लिहून दिलं. बाकीच्या शीटवर पण लिहाल?"

द्वेषानं केलेल्या कामाबद्दल ती आभार मानत होती! सरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "आण."

परीक्षेत अकरांपैकी नऊ पास झाले. शिडी त्यांत होती. दोघं राहिले, आणि नियमाप्रमाणं त्यांची नावं जायची होती. सर स्वतः प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसले. "माझ्या हातची दोन वर्षं यांच्या हिशेबात धरू नका," म्हणाले, आणि त्या दोघांना आणखी एक संधी मिळेपर्यंत उठले नाहीत. मत्सर एका दिवसात जात नाही. पोरं अजूनही पहिल्यांदा बाईंनाच हाक मारतात आणि सरांना ते अजूनही टोचतं. पण आता टोचलं की ते शीट उचलतात आणि पेन्सिलीला टोक करतात.

वाचकहो, मी कॉलेजात शिकलेलो नाही, म्हणून मला हे बोलायची भीती वाटत नाही. मूल एकटं नापास होत नाही. त्याच्याबरोबर फळा, घंटा, बाक आणि फळ्यापुढचा माणूस नापास होतो, पण गुणपत्रिकेवर नाव एकट्या मुलाचं असतं. मुलं शिकावीत असं वाटत असेल तर त्यांना चुकायला जागा द्या, चूक कुठं आहे ते बोट ठेवून दाखवा आणि शेजारचा कुणी ते जास्त चांगलं करत असेल तर त्याच्यावर जळू नका, त्याच्याकडून शिका. आपल्या पोराला कॉलेजात घालाल तेव्हा इमारत बघू नका, फलकावरची पहिल्या नंबरांची नावं वाचू नका. सरळ आत जा आणि विचारा, 'इथं नापास झालेलं पोर दुपारी तीन वाजता कुठं बसतं? त्याच्याजवळ कोण बसतं?' त्यांना ती जागा दाखवता आली नाही, तर पोराचा हात धरा आणि बाहेर पडा. ते कॉलेज नव्हे, ती चाळण आहे.