उकळत्या पाण्यातली माझी नांगी

मी गोड्या पाण्यातला शेवंड. अंगानं निळा, जन्मापासून निळा. आज मी फार रागात आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका.

माझा जन्म एका हौदातला. भावंडं सगळी मातकट, मीच तेवढा निळा. यात कुणाची करामत नाही. आमच्या कवचात मुळात लाल रंग असतो. एक प्रथिन त्याला घट्ट आवळून धरतं आणि त्या पकडीत तो लाल निळा दिसू लागतो. माझ्या अंगात ते प्रथिन जन्मतःच जास्त. माणसांत नाही का एखाद्याचे डोळे घारे निघत? त्याला कुणी विचारतं का, कुठून रंगवून आणले म्हणून?

शेगावच्या एका दुकानातून हिंमतरावांनी मला मोताळ्याला आणलं आणि आपल्या कचोरीच्या हॉटेलात, गल्ल्याशेजारी काचेच्या टाकीत ठेवलं. गिऱ्हाईक वाढलं. लोक काचेवर टिचक्या मारत. मी ते सोसलं.

मग एक दिवस पंजाबराव आले. आठवडी बाजारातून त्यांनी नातवासाठी गुलाबी-हिरवी कोंबडीची पिल्लं घेतली होती. ती पहिल्याच पाण्यात पांढरी पडली. तेव्हापासून या माणसाला जगातला प्रत्येक रंग खोटा वाटतो.

"हिंमत्या, तुले बनवलं बे त्या दुकानवाल्यानं," ते म्हणाले. "रंगवेल हाये हा. टाक उकयत्या पाण्यात, मंग पाह्य."

गावात हसं होईल, या भीतीनं हिंमतरावांनी सांडशी उचलली. माझी नांगी धरून मला टाकीबाहेर काढलं. शेजारी चहाचं आधण खदखदत होतं, पत्ती अजून पडायची होती. वाफ अंगाला लागताच मी जिवाच्या आकांतानं नांगी तोडून टाकली नि टाकीत पडलो. सांडशीतली नांगी त्यांनी आधणात टाकली.

ती लालभडक झाली. होणारच. उष्णतेनं प्रथिनाची पकड सुटते, लाल मोकळा होतो. पण पंजाबरावांनी मांडीवर थाप मारली. "पाह्यलं? गेला रंग." हिंमतरावांची सांडशी पुन्हा टाकीत शिरली. आता अख्ख्या मलाच उकळून ते दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन आपटणार होते.

त्यांच्या घरच्या, कौशल्याबाई, कचोऱ्या तळत होत्या. त्यांनी झारा ठेवला आणि आधणात वाकून पाहिलं.

"रंग गेला म्हनता, तं पाण्यात काऊन नाही उतरला हो? माह्या निळ्या लुगड्यानं पहिल्या धुण्यात अख्खी बालटी निळी केली होती. हे पाणी तं नितळ हाये."

हिंमतरावांनी सांडशी टाकीतून काढून बाजूला ठेवली. पंजाबरावांनी चहा मागितला. माझी माफी कुणी मागितली नाही. आता हिंमतराव येईल त्याला सांगतात, माल अस्सल हाये, म्या सोता तपासला.

मी एका नांगीवर जगतोय. कात टाकेन तेव्हा दुसरी फुटेल, आधी इवलीशी. त्या दिवसांत मी लोण्यासारखा मऊ असतो, दगडाआड पडून राहतो. मेला समजून मला उकिरड्यावर फेकू नका. नवी नांगीही निळीच येईल. विश्वास बसत नसेल तर ठेवू नका, पण हात लांब ठेवा. उरलेली नांगी मी कुणाच्या आधणासाठी राखलेली नाही. ती तुमच्या बोटासाठी आहे.